आईने लावलेली नाइट ड्यूटी

भिलाईत दिवसा झोपलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. प्लांटचं गाव, कोणाची पहिली पाळी, कोणाची दुसरी, कोणाची नाइट. भर दुपारी ज्या घराचे पडदे ओढलेले दिसतील त्या घरासमोरून स्कूटर बंद करून ढकलत न्यायची, मिक्सर लावायचा नाही, मुलांना पलीकडच्या गल्लीत पिटाळायचं, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या आईला हे चांगलं ठाऊक होतं.

मी गावाजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. एका हिवाळ्यात मला सकाळी उठता येईनासं झालं. ताप नव्हता, अंग दुखत नव्हतं. पांघरूण बाजूला सारायचं तर कशासाठी, एवढंच सुचेनासं झालं होतं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या, मग बदलून दिल्या. नोकरी सुटली. आईने मात्र ती सोडली नाही. तिने ती रात्रीची करून टाकली. "पोरगा नाइट करून आला आहे जी, झोपून राहिला," असं ती फाटकापाशी हळू आवाजात सांगायची. कंपनीची गाडी चौकात येते, असंही वर जोडायची. एरवी साधी भोळी बाई, पण हे इतकं बेमालूम सांगायची की कधी कधी मलाच वाटे, चला, डबा भरायला हवा.

मी चिडायचो. "कावून खोटं सांगतेस लोकाईले?"

"अन् काय सांगू? जवान पोरगा दिवसभर पलंगावर पडून राहते म्हणून?"

ती माझा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावायची आणि दोन दिवसांनी तोच पुन्हा इस्त्री करायची.

वडील रेल्वेत होते, यार्डात. ते गेल्यावर त्यांच्या पेन्शनवर आम्ही दोघं बरीच वर्षं जगलो. मग आईही गेली आणि पेन्शन थांबली. कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला ती पुढे मिळू शकते, पण त्यासाठी मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. मनाच्या आजाराचंही मिळतं, म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही. त्यांनी मला त्यांच्याच दवाखान्यातल्या सोशल वर्कर मॅडमकडे पाठवलं. हे जमलं नाही तर खायचं काय, हा प्रश्न होताच, आणि तो विचारायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

मॅडम जवळच्या उतई गावाहून स्कूटीवर यायच्या. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत सोडतच कामाला लागायच्या. पहिल्या दिवशी मी आईच्या शिस्तीप्रमाणे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्यासाठी मला आदल्या दिवशीची सगळी दुपार मनाची तयारी करावी लागली होती.

"कैसे हैं भैया?"

"ठीक हूँ."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ठीक हैं तो घर जाइए. बोर्ड के सामने भी यही बोलेंगे, तो वो भी यही कहेंगे."

मला राग आला. कोण कुठली बाई, आणि मला शिकवते! पण मग हसूच आलं. कित्येक महिन्यांत मी हसलो नव्हतो. घशातून आलेला तो आवाज मलाच परका वाटला. त्यांनी टोपण काढलं आणि साधे साधे प्रश्न विचारले. आंघोळ कधी केली? स्वयंपाक कोण करतं? शेवटचं कोणाशी बोललात? मी खिडकीकडे बघत उत्तरं दिली. केस पिकलेल्या माणसाने अनोळखी बाईला सांगायचं की दोन दिवस दुधाची पिशवी दारातच पडून नासली, कारण दारापर्यंत जाववलं नाही. लाज वाटली. पण त्यांचा चेहरा काही बदलला नाही, आणि त्या आधाराने मी पुढचं सांगू शकलो.

"आपको करीब से किसने देखा है? जो बोर्ड को बता सके?"

"आई ने."

"उनको ले आइए."

मी बोटाने वर दाखवलं. त्या समजल्या. म्हणाल्या, मग मी घरी येते, शेजाऱ्यांशी बोलते. तशी तुमची परवानगी आहे का? मी हो म्हणालो. नाइट ड्यूटीचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेजारच्या काकू नागपूरकडच्या, आईची जिवाभावाची मैत्रीण. काका प्लांटमधून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून काकू दुपारी भाजी-पोळीचा डबा आमच्या फाटकाला अडकवून जायच्या. कडी वाजवायच्या नाहीत, हाक मारायच्या नाहीत. मी पडद्याआडून त्यांची पाठमोरी साडी बघायचो. वाटायचं, हिने एकदा तरी दार वाजवावं. मग वाटायचं, बरं झालं नाही वाजवलं.

मॅडम काकूंकडून परत आल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भैया, आप तो नौकरी करते हैं. इतने साल से, नाइट में. वो कह रही थीं, ऐसा मेहनती लड़का पूरी गली में नहीं है."

काकूंनी माझं भलं व्हावं म्हणून तोंड भरून कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकानेच माझी पेन्शन बुडायला निघाली होती. मी मॅडमना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्हीच सांगा ना त्यांना जाऊन. त्यांनी मान हलवली. "बीमारी आपकी है. मैं बिना पूछे किसी को नहीं बता सकती, और आपके बदले तो बिल्कुल नहीं. मैं दरवाज़े तक चलती हूँ."

त्या खरंच फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मी आत गेलो. काकू ओट्यापाशी मेथी निवडत होत्या.

"बाप्पा, तू? नाइट नाही का आज?"

"काकू, मले नाइट नव्हतीच कधी."

हे एक वाक्य बोलताना मला आईचा गळा दाबल्यासारखं वाटलं. बाकीचं भराभर बोललो, नाहीतर बोललोच नसतो. काकूंचे हात थांबले. आधी त्यांना रागच आला. "म्हणजे तुयी आई मले खोटं बोलली? मले? अरे, तिच्यासंग बसून पापड लाटले मी. पोराईले रट्टे दिले दुपारचे, तुयी झोप मोडते म्हणून!"

मी खाली बघत उभा राहिलो. त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. मग आवाज उतरला.

"अन् मंग तू आत काय करत होता?"

"काही नाही. पडून राहायचो."

"जागाच?"

"हो."

"येकटा?"

"आई होती."

"अन् आता?"

इतक्या महिन्यांत मी रडलो नव्हतो, आईच्या दिवसांतही नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात, मेथीच्या पसाऱ्यासमोर मी लहान पोरासारखा रडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, पाणीही विचारलं नाही. फाटकाकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "मॅडम, अंदर आओ. मैंने गलत बताया. फिर से लिखो."

मॅडमनी फिर से लिहिलं. बोर्डासमोर मी इस्त्रीचाच शर्ट घालून गेलो, पण कसे आहात विचारल्यावर बरा नाही म्हणालो. काकू बाजूच्या खुर्चीवर बसून होत्या. प्रमाणपत्र मिळालं. पेन्शनचे कागद रेल्वेच्या ऑफिसात गेले, आणि मॅडम दर पंधरवड्याला तिथे फोन लावून कुठवर आलं ते विचारत राहिल्या. पेन्शन सुरू झाली तेव्हा पहिला फोन त्यांनीच केला. आनंद झाला का, तर झाला. पण तो ज्या बाईला सांगायचा ती नव्हती. फोन ठेवला आणि पडदा ओढून आडवा झालो.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. भर दुपारी. आमच्या दाराची कडी दुपारी वाजायची सवय मला राहिलीच नव्हती. मी नाइट करून आलेल्या माणसासारखा श्वास रोखून पडून राहिलो. कडी पुन्हा वाजली, या वेळी जोरात.

"तू झोपला नाहीस, माहीत आहे मले," बाहेरून काकू म्हणाल्या. "उघड दार."