माझी लिमिट कुणी कमी केली?

माझ्या मुलीचं, प्रियांकाचं लग्न एका बँकेमुळं मोडत होतं. (नवऱ्या मुलाचा बँकेशी काडीचाही संबंध नाही. त्याच्या घरी हुपरीला चांदीचे पैंजण घडवतात.)

लग्नाच्या महिनाभर आधी बँकेचा मेसेज आला. इंग्रजीत, लांबलचक. त्यातले 'लिमिट' आणि 'रिवाइज्ड' एवढे दोनच शब्द मी वाचले आणि तेवढे मला पुरेसे वाटले. मी ज्या फाउंड्रीत सुपरवायझर आहे, तिथं पगार 'रिवाइज' झाला की लोक पेढे वाटतात! मी फोन खिशात टाकला आणि बायकोला हाक मारली, "सुनंदा, बँकेनं कार्डाची लिमिट वाढवली! आता अख्खा बस्ता कार्डावर!"

"नीट वाचलासा का?"

"मग! मी काय अडाणी हाय व्हय?" (या प्रश्नाचं उत्तर पुढं राजारामपुरीच्या भर बाजारात मिळालं.)

बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी एकाच दुकानात, एकाच दिवशी बसून लग्नाची सगळी कापडं घ्यायची. दोन गाड्या भरून पावणे आले. त्यांच्यात मुलाचे थोरले चुलते आबा होते. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारा माणूस. घरात त्यांचा शब्द शेवटचा. लग्न ठरवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "घरात कोण पितं का?" मी छाती पुढं काढून सांगितलं होतं, "दुधाबिगर काय न्हाय, आबा!" (रविवार मी त्यात धरला नव्हता.)

पाच तास बस्ता चालला. मुलाच्या आत्यानं चाळीस साड्या उलगडायला लावल्या आणि शेवटी पहिलीच घेतली. बिल झालं तसे व्याही खिशात हात घालायला लागले. मी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या पावणं! आपलं कार्ड हाय की!" सगळ्यांना दिसेल असं दोन बोटांत धरून मी कार्ड काउंटरवरच्या मुलीला दिलं. मशीन एकदा कुरकुरलं. दुसऱ्यांदा कुरकुरलं. मग ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, एवढी लिमिट नाही ओ तुमच्या कार्डाला."

मला दरदरून घाम फुटला. "आलोच," म्हणून मी फुटपाथवर आलो आणि बँकेला फोन लावला. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट! त्यामुळं मी ओरडूनच बोलत होतो.

"मॅडम, माझी लिमिट कुणी कमी केली? मंदी? बाजारात मंदी आली तर माझी लिमिट का म्हणून कमी? दहा वर्षं झाली, एकदा तरी माझा तोल गेलाय काय? आन् मी मागायला आलतो व्हय? तुम्हीच घरी येऊन 'घ्या, घ्या' म्हणून हातात दिलंसा! आज पोरीच्या बस्त्यात ऐनवेळी माझी लिमिट संपली! आता पावण्यांम्होरं उभा कसा ऱ्हाऊ?"

मॅडमनी 'आर्थिक परिस्थिती' हा शब्द तीनदा वापरला आणि आभार मानून फोन ठेवला. मी वळलो. मागं आबा उभे होते! आतल्या एसीनं थंडी वाजते म्हणून बाहेर आले होते. ते तडक आत गेले, गादीवर मधोमध बसले आणि म्हणाले, "कापडं ठेवा खाली. लगीन हुणार न्हाय."

"आवो पण झालं काय?" व्याही उडालेच.

"पोरीचा बाप भर बस्त्यात पिऊन आलाय! वर दारू देणाऱ्या बाईला फोन लावून भांडतोय, माझी लिमिट का कमी केलीसा म्हणून! म्या सोताच्या कानानं ऐकलं!"

माझे पाय लटपटायला लागले. ते बघून मंडळींची खात्रीच पटली.

"तोंडाचा वास घ्या की माझ्या!" मी ओरडलो. व्याह्यांनी खरंच घेतला. "वेलदोड्याचा येतोय," ते म्हणाले.

"दारूचा वास दाबायलाच खाल्ल्याला असणार!" आबा.

आता माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. बेवडा ठरायचं, नाहीतर बँकेनं किंमत उतरवलेला माणूस ठरायचं. खरं सांगतो, क्षणभर मला बेवडा बरा वाटला! पण प्रियांका शालू मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. गेली इज्जत उडत!

"आबा, ती बँकेची लिमिट हो! कार्डाची! मंदी हाय म्हणून दोन लाखाची तीस हजारावर आणली त्यांनी! माझ्याजवळ बिलाला पैसं न्हाईत!"

आबांचा चेहरा सैल पडला. "मंदी आमच्या चांदीतबी हाय, पावणं. त्यात लाज कसली? म्हंजी ती लिमिट दारूची न्हवं?"

"छ्या, छ्या!" सुटकेच्या आनंदात मी सुसाट सुटलो. "दारूची माझी लिमिट कवाच बदलत न्हाय! रविवारी दोन म्हंजी दोनच!"

सुनंदानं कपाळावर हात मारून घेतला. मग उठली, काउंटरवर गेली आणि आपल्या मोबाइलवरून सगळं बिल भरून आली. (एवढे पैसे तिच्याकडे होते हा धक्का मी अजून पचवतोय.)

आबा मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी प्रियांकाच्या मांडीवरचा शालू माझ्यापुढं केला. "ठेवा हात यावर. शपथ घ्या. मग लगीन हुतंय बघा."

पोरीकडं बघितलं आणि ठेवला हात. सगळ्या दुकानानं टाळ्या वाजवल्या.

बँकेला निदान माझी थोडी दया आली होती, ती तीस हजारांवर थांबली. आबांनी माझी लिमिट दोनावरून थेट शून्यावर आणली, आणि तिथं तक्रार करायला कस्टमर केअरसुद्धा नाही!