टाकीपाशी येणारं ऊन

त्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही दोघा नवराबायकोनं ट्रंकेचं झाकण उचललं आणि गच्चीवर जिन्याच्या बाजूला उन्हात नेऊन ठेवलं. तिच्यासोबत केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा ते रोजचंच होतं.

झाकण जुन्या लोखंडी ट्रंकेचं. बुडाला मी खिळ्यानं भोकं पाडलेली. आत मुरूम, विटांचा चुरा, वर बारीक खडे, आणि खड्यांत तिची दगडी झाडं. झाड आपलं म्हणायचं. बोटाच्या पेराएवढे दोन गाल आणि मधी चीर. बघणाऱ्याला खडाच वाटावा. भरलेलं झाकण एकट्याला उचलत नाही.

"हळू. लेकराला उचलल्यागत उचला," ती म्हणाली.

"आपली लेकरं एवढी जड नव्हती."

"तुमी कवा उचलली हुती?"

खरंच होतं.

एका चिरेतून ज्वारीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी कळी वर आली होती. बी पेरल्यापासून चार वर्षांत पहिली. तिनं भिंग लावून बघितली. म्हणाली, "आज उमलती बघा. जेवणं झाली की टाकीकडं घेऊ." ह्या फुलाला तिसऱ्या प्रहरचं ऊन लागतं. सकाळच्या उन्हात ते तोंड उघडत नाही.

तिची आई आणि भाऊ भूकंपात गेले. दगडमातीची भिंत अंगावर आली. आमचं लातूरचं घर नुसतं तडकलं. पण त्यानंतर ती दिवसा घरात बसेना. स्वयंपाक उरकला की गच्चीवर. "हितं वरून काई पडत न्हाई," म्हणायची. नुसतं उन्हात किती बसणार? म्हणून कुंड्या आल्या. ऊन सोसणारीच झाडं तिच्याजवळ टिकली. नांदेडला घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांनाही हाच नाद. दगडी झाडांचं धुळीएवढं बी त्यांनीच पुडीत बांधून दिलं, आणि फुलं बघायला आपलं जुनं भिंग. म्हणाले, "भाभी, पाणी घालू नका. इसरून जावा याला." ती विसरली नाही, पण पाणी मात्र जपून घातलं.

मग शेजारी क्लासची इमारत झाली. चार मजले. भोकर, देगलूरकडची पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली आणि आमच्या गच्चीचं ऊन गेलं. मी भांडायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "काका, उन्हाचा काय सातबारा असतोय का?" मी तिसरी शिकलेला. परत आलो. सकाळी थोडं जिन्यापाशी आणि दुपारी टाकीपाशी, फटीतून तासभर, एवढंच ऊन यायचं. म्हणून आमची ती रोजची उचलाउचल.

जेवून ती जरा पडली. अडीचला मी हाक मारली, "चल, ऊन येईल." उठली नाही. मी चिडून दुसरी हाक मारली. हे मला लिहायला नको वाटतं, पण मारली. मग हात लावला.

आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात बसवून, बेल आणि भस्म ठेवून माती देतात. दिवस मावळायच्या आत सगळं झालं. माती काळी होती, ओली, ढेकळं पायाला चिकटणारी. असल्या मातीत काही टिकत नाही, मुळं सडतात, हे तीच मला सांगायची. तिथं कोणाला सांगू? सगळ्यांसारखी मीही मूठभर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी गच्चीवर गेलो. झाकण जिन्यापाशीच होतं, कळी मिटलेलीच. दुपारच्या उन्हासाठी टाकीकडं न्यायचं म्हणून एक बाजू उचलली, तर दुसरीकडचे खडे घसरायला लागले. खाली ठेवून ओढलं. वीतभर सरकलं, मग भोकात खडा अडकला की काय, हलेचना. खाली धा माणसं होती. बायको काल गेली आणि ह्याला कुंड्या सुचतात, असं झालं असतं. कोणाला हाक मारली नाही.

मग मी बसलो आणि अंगठ्याच्या नखानं कळी उघडली.

आत पिवळ्या पाकळ्या होत्या, दोऱ्याएवढ्या बारीक, ओल्या, एकीला एक चिकटलेल्या. तीन-चार तुटून नखाला लागल्या. बाकीच्या सोडल्या की मिटायच्या. म्हणून मी त्या दोन बोटांनी धरून ठेवल्या.

खालून सून म्हणाली, "मामा, चहा झालाय."

"येतो," म्हणालो, आणि तसाच धरून बसलो.