साडूभाऊ आणि लव्हाळ्यांचं बेट

पाण्यापुढे हात जोडणारी माणसं आमच्या भागात पुष्कळ आहेत. पाण्याकडे संशयाने बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान परभणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, आणि सुट्टी मिळाली की गंगाखेडकडची बस धरून आमच्या छोट्या नदीचं पाणी बाटल्यांत भरून नेतात. आमची नदी पुढे गोदावरीला मिळते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी वाकडं बोलत नाही; आमच्या नदीला मात्र नुसतं नदी म्हणतात, आणि तिच्यात काहीही टाकलेलं चालतं. साडूभाऊंचं म्हणणं एवढंच, की हिच्यात जे टाकता ते गंगेत जातं आणि तेच तुम्ही तीर्थ म्हणून पिता. हे त्यांनी एका गंगापूजनाच्या पंगतीत, तीर्थाची पळी हातावर पडल्या पडल्या, खणखणीत आवाजात सांगितलं. त्या पंगतीत पुढे कोणी मठ्ठासुद्धा मागितला नाही.

कुणाच्याही घरी गेले की ते पेला आधी नाकाशी नेतात, मग उजेडात धरतात, मग पितात किंवा नुसताच खाली ठेवतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीने पाणी आणलं, आणि यांनी तिच्याकडे न बघता पेला खिडकीत नेऊन विचारलं, "तुमच्या बोअरच्या वर काय हाय?" मुलीचे वडील गोंधळले; त्यांना वाटलं, घराण्याची चौकशी चालली आहे. ते बिचारे आजोबांपासून सांगायला लागले. सोयरीक जुळली, पण त्या घरचा गोठा बोअरच्या वरून दुसऱ्या बाजूला गेला.

"याच्या वर काय हाय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. घाण एका जागी दिसली तर तिथेच नाक धरून उभं राहू नये, पाण्याच्या उलट चालत जावं. एक बाटली वरच्या अंगाला भरावी, एक खालच्या, आणि मधे काय आहे ते शोधावं. ही रीत ते आमटीत मीठ जास्त झालं तरी लावतात आणि दोघी बहिणी भांडल्या तरी लावतात. बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून परत निघाले, की कंडक्टर हटकून म्हणतो, "मासे हायत का? मागं बसा." साडूभाऊ शांतपणे उत्तर देतात, "मासे असते तर मी कशाला आलो असतो?"

आता त्या नदीच्या काठी, ओढ्याच्या तोंडाशी, माझं गुऱ्हाळ आहे. आता सांगतो ते मी सहसा कुणाशी बोलत नाही. तसा मी फार बोलणारा माणूस नाही, आणि जिथे बोलायला हवं तिथे तर मुळीच नाही. रस उकळताना वर येणारी मळी आणि रसाची मोठी कढई, म्हणजे काहील, धुतलेलं पाणी मी ओढ्यात सोडत होतो. ओढ्यातून ते नदीत जायचं आणि पाणी काळं पडून फेसाळायचं. साडूभाऊंना मी सांगितलं होतं की मळी शेतात जाते. बायकोच्या माहेरात 'नदी नासवणारा जावई' म्हणून नाव निघू नये, एवढीच माझी धडपड. आणि सोयही अशी, की ते यायचे त्याच्या आदल्या दिवशी बायकोच्या ताईचा फोन यायचा, "हे उद्या यायलेत गं, पुरण शिजत घाल." इकडे पुरण शिजायचं आणि तिकडे मी गुऱ्हाळ बंद करायचो. कधी सांगायचो मजूर आले नाहीत, कधी सांगायचो इंजिन बिघडलं. साडूभाऊ पोळी मोडता मोडता हळहळायचे, "तुमचं इंजिन लय बिघडतंय हो, साडूभाऊ."

याचा परिणाम असा झाला की नदीभर सगळीकडे घाण सापडणाऱ्या या माणसाला माझ्याच शेताशी पाणी सुधारलेलं सापडायला लागलं. गावाची गटारं आणि मेंढ्या धुण्याची जागा वरच्या अंगाला. तिथे पाणी वाईट. माझ्या खालच्या अंगाला बरं. मधे काय? गुऱ्हाळ तर बंद. मग उरलं लव्हाळ्यांचं एक बेट. साडूभाऊंनी ठरवलं की हे लव्हाळेच पाणी गाळतात. तो माणूस इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता. बेटाला ते हाताने गोंजारायचे. बायकोने चुलीपुढे झाडायला चार लव्हाळे तोडून आणले, तर तिच्यावर ओरडले. विद्यार्थ्यांना आणून दाखवलं. आणि शेवटी मोठ्या शहरातल्या मोठ्या सभेत निबंध वाचायचं बोलावणं आलं.

"तुमी पहिल्या रांगेत बसायचं," ते मला म्हणाले. "नदी तुमच्या दारची हाय."

सभेसाठी त्यांना बेटाचा फोटो हवा होता, शेजारी मी उभा असलेला. फोन डोळ्यांपुढे धरून ते म्हणत होते, "थोडं डावीकडं. हसा की. अहो, हसा!"

मी म्हणालो, "साडूभाऊ, लव्हाळ्यात काही नाही."

"हात खाली घ्या."

"तुमी येता त्या दिवशी मी गुऱ्हाळ बंद ठेवतो. ताईचा फोन येतो ना, म्हणून. मग ओढ्याचं चांगलं पाणी नदीत पडतं, त्यानं खाली बरं दिसतं. बाकीचे दिवस सगळी मळी हितंच सोडतो."

फोन तसाच वर राहिला. त्यामागचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि ते बरं होतं. फोनमागून आवाज आला, "इंजिन?"

"चांगलं हाय."

ते ओढ्याच्या तोंडाशी गेले, वाकले, तिथला वाळलेला काळा थर नखाने खरवडून त्यांनी नाकाशी नेला. मी म्हटलं, शिव्या द्या. ते बेटाकडे बघत राहिले आणि लहान पोरासारखं म्हणाले, "पण लव्हाळ्यानं थोडं तरी होत असंल ना?"

त्यांनी तिथूनच फोन करून निबंध मागे घेतला. पलीकडून कारण विचारलं असावं, म्हणाले, "माझंच मोजमाप चुकलं." माझं नाव त्यांनी तिथे घेतलं नाही आणि सासुरवाडीतही नाही.

त्यानंतर मी शेतात खड्डा घेतला. मळी आता खरोखरच खतात जाते, धुण्याचं पाणीही नदीत जात नाही. साडूभाऊ अजून येतात, पण न सांगता. आधी नदीवर, मग वाटलं तर घरी. बायको चिडते, "दाजींना साधं वरण-भात घालायची पाळी आणली तुमी." परवा आले, तेव्हा गुऱ्हाळ जोरात चाललं होतं. त्यांनी खालच्या अंगाला बाटली भरली. पाणी नितळ होतं. बाटली उजेडात धरून ते म्हणाले, "आज बंद हाय वाटतं."

मी गुऱ्हाळाच्या चुलवणातून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. त्यांनी धुराकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे पाहिलं. मग ते पाणी ओतून देऊन त्यांनी बाटली विसळली, आणि दुसऱ्यांदा भरायला खाली वाकले.