भाऊबीजेत मिळालेलं खातं

उल्का इथे सिंगापुरात, यिशुनला माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहते. नवरा प्रबोध जहाजावर इंजिनिअर, अर्धं वर्ष समुद्रावर. हिने घरून चकल्या, पुरणपोळ्या विकायचा धंदा काढला, रीतसर, स्वतःच्या नावावर. फक्त बँकेत धंद्याचं खातं मिळेना. एका बँकेने एवढी शिल्लक ठेवायला सांगितली, की तेवढी असती तर बाई चकल्या तळत बसली असती का? दुसरीने "कळवतो" म्हणून वाटेला लावलं. इथे लोक हॉकर सेंटरमधल्या टपरीवरचा चहासुद्धा फोनवरून पैसे भरून घेतात, खात्याशिवाय हिच्याकडून कोण घेणार?

मग उगवला निशिकांत. आमच्यासारखाच पुण्याचा, टॅम्पिनीसला राहणारा, मोठ्या कंपनीत मॅनेजर. उल्काला सख्खा भाऊ नाही, म्हणून तिने भाऊबीजेला त्याला ओवाळलं. आणि त्याने तबकात ओवाळणी काय घातली? स्वतःच्या नावावर उघडलेल्या खात्याचा छापील क्यूआर कोड! "आजपासून तुझी गिऱ्हाईकं इथे पैसे भरतील," म्हणाला. उल्काचे डोळे भरून आले. मी म्हटलं, काहीतरी लिहून घे गं. तर माझ्यावरच उखडली, "ओवाळलेल्या भावाकडून कुणी लिहून घेतं का, मेधाताई?" आता बोला!

पुढच्या दिवाळीपर्यंत तो जमलेले पैसे इमानाने रोख आणून देत राहिला. ऐन ऑर्डरींच्या दिवसांत थांबला. फोनवर सरळ म्हणाला, "खातं माझं, गिऱ्हाईकांचे नंबर माझ्याकडे. मग धंदा कुणाचा? वुडलँड्सची एक बाई स्वस्तात तळून देते. हवं तर तूही मजुरीवर ये." माझ्या अंगाची लाही लाही झाली. उल्काला घेऊन तडक टॅम्पिनीस गाठलं. आणि या बाईने बरोबर काय घेतलं? चकल्यांचा स्टीलचा डबा! सणाचं कुणाकडे रिकाम्या हाताने जाणं तिला जमतच नाही.

त्याने दार उघडलं. "दादा, माझी गिऱ्हाईकं मला परत द्या," ती म्हणाली. तो हसला. दाराजवळच्या टेबलावर त्याचा फोन पडला होता, तो तिने आत शिरून उचलला. त्याने खाडकन तिच्या कानाखाली वाजवली, फोन हिसकला, आणि केसांना धरून तिला दाराबाहेर ढकललं. पडता पडता तिने उजव्या हाताने चौकट पकडली. मी ओरडले, "अहो, तिची बोटं!" त्याने बोटांकडे बघितलं. नीट बघितलं मेल्याने. मग दार आदळलं. उघडलं, आणि पुन्हा आदळलं. हाडं मोडल्याचा आवाज मी या कानांनी ऐकलाय.

दार परत उघडलं. खाली पडलेला डबा डाव्या हाताने उचलून उल्काने त्याच्या तोंडावर हाणला. त्याचं नाक फुटलं. तो लाथ घालायला धावला तेव्हा मी त्याच्या दंडाला कडकडून चावले, तोंडात रक्त येईपर्यंत सोडला नाही. होय, मी, दोन मुलांची आई! कॉरिडॉरभर चकल्यांचा चुरा आणि रक्त. शेजारची चिनी आँटी ओरडत होती, "पोलीस कमिंग लाह!"

पोलिसांसमोर तो नाक दाबून उल्काला मराठीत म्हणाला, "बोललीस तर तूही अडकशील. तुझा धंदाच बंद करतील." खरंच होतं ते, दुसऱ्याच्या खात्यात पैसे घेतल्याचं सांगावं लागणार होतं. मी तिला कोपर मारलं, जरा जपून बोल म्हणून. तिने सगळं सांगितलं, स्वतःचंही. तिला समज देऊन सोडलं, त्याच्यावर खटला उभा राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात उल्काचा प्लास्टरमधला हात घेऊन आम्ही तिसऱ्या बँकेत जाऊन बसलो. "कळवतो" म्हणाले. मी म्हटलं, कळवा, आम्ही इथेच आहोत. बँक बंद व्हायच्या आत एक मॅडम कागद घेऊन आल्या आणि खातं एकदाचं उघडलं. सही मात्र उल्काला डाव्या हाताने करावी लागली, बालवाडीतल्या पोरासारखी, वाकडीतिकडी.

आता बोटं बऱ्यापैकी जुळलीत, चकल्या पडतात. परवा पीठवाल्याच्या चेकवर सही करायची होती. तिने पेन मुद्दाम डाव्या हातात घेतलं आणि ते वाकडं नाव हळूहळू काढत बसली. मला बघवेना.

"अगं, बँकेत सही बदलून मिळते," मी म्हटलं. "अर्ज दे की."

"राहू दे ना," ती म्हणाली. "उजव्या हाताने नाव लिहायला घेतलं की दार आदळतं, मेधाताई."