सईचं ‘मी जेवलो’

“आमचं सई मुलगा व्हायला बघतंय,” सईची आई मॅडमच्या ऑफिसात बसून सांगत होती. “घरी म्हणतं, मी जेवलो, मी झोपलो. बाहुली फेकतं नि टेम्पो मागतं!”

इकडे रत्नागिरीत लाडानं मुलीला ‘ते’ म्हणतात. मी गडहिंग्लजची. मला सवय व्हायला वेळ लागला.

मी पाणी घेऊन दारात उभी. या नर्सरीत मी हेल्पर. डबा भरवायचा, हात धुवायचे, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं. आठवीत शाळा सुटली, तरी मॅडमनी ठेवून घेतलं. त्यांचे उपकारच. पण ऑफिसात कोणाचा आवाज चढला, की मला आधी माझी नोकरीच आठवते.

त्या दिवशी आमच्या काउन्सेलर आल्या होत्या. म्हणजे मुलांच्या वागण्याचा अभ्यास केलेल्या बाई. त्यांनी सईला बोलावलं.

“सई, तू मुलगा की मुलगी?”

“मुलगी! वेणी दिसत नाय?”

“आणि वेणी कापली तर?”

“तर मुलगा.”

“बघा!” आई जवळजवळ ओरडलीच.

“ताई, या वयात बरीच मुलं असंच सांगतात,” बाई म्हणाल्या. “केस-कपडे बदलले की मुलीचा मुलगा होतो, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, हे हळूहळू कळतं. पुस्तकात त्याला लिंगस्थिरता म्हणतात. टेम्पोनं काही बिघडत नाही, खेळू दे. उद्या ती वेगळं काही म्हणाली, तरी आधी ऐकून घ्यायचं. पण हे ‘जेवलो’ कुठून आलं? घरात भाऊ आहे?”

“नाही हो. एकुलतं आहे. बाबा जहाजावर असतात.”

“मग कोणाचं ऐकून बोलते?”

माझंच. गेली आपली नोकरी.

“मी सांगतो,” मी म्हणाले. “मी तिला भरवायला बसतो ना, तेव्हा...”

तिघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

“आमच्याकडं बायका पण आलो-गेलोच म्हणतात,” मी कसंबसं सांगितलं. लिहिताना मी ‘आले’ लिहिते, पण तोंडात ‘आलो’च.

काउन्सेलर बाई हसत सुटल्या. “मुलं ज्याला जीव लावतात, त्याचं बोलणं उचलतात. आणि ताई, तुम्ही तर सईला ‘ते’ म्हणता. म्हणून ते टेबल झालं काय?”

सईच्या आईलाही हसू आवरेना.

ती गेल्यावर मी मॅडमना विचारलं, “मला काढणार काय?”

“कशाला? सईला उपाशी ठेवायला?”

मग मी ठरवलं, वर्गात ‘आले’च म्हणायचं. दोन वाक्यांत जीभ अडखळायची नि मुलं खिदळायची. मॅडमच म्हणाल्या, “राहू दे, मावशी. दोन्ही कानावर पडू दे.”

परवा सईच्या आईचा फोन आला. “मावशी, सईला जरा थांबवा हं. मी निघालो!”

काय बोलली, ते तिच्या लक्षातही आलं नाही. क्रियापदावरून बाई की पुरुष ते ठरत नाही. माणसाची ऊठबस कोणात आहे, तेवढं कळतं.