आवाजाचं माहेर

माणसाचा मूळ आवाज कधीही नष्ट होत नाही, असं रमाताई मेश्राम म्हणत. ऐकणारा जरा सावरून बसे. पुढे एखादं वचन येणार असं वाटे. पुढे येई ते, "रिमोट द्या इकडं." मग त्या तुमच्याच घरात, तुमच्याच टीव्हीवर, रंगात आलेल्या सिनेमातली डब केलेली हिंदी बंद करून मूळ तमिळ लावत. तमिळ आमच्यापैकी कोणालाच येत नसे. रमाताईंनाही. "नाही समजलं तरी चालते," त्या म्हणत. "तोंड ज्याचं, आवाज त्याचाच पायजे."

जबलपूरच्या घमापुरात त्यांची नि आमची भिंत एकच. जन्मभर सरकारी शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे साधं बोलणंही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. एका फाईलमध्ये चित्र एक असलं तरी आवाज दोन-तीन असू शकतात, हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. लॅपटॉपवर त्या आवाजाचे ट्रॅक सुटे करत आणि त्यांना नावं देत: डब केलेला तो 'सासर', मूळ तो 'माहेर'. नम्रता हा गुण त्यांच्याकडे नव्हता. "अख्ख्या जबलपुरात हे मलेच येते," असं त्या भाजीवालीलाही सांगत. आता त्या नागपूरला लेकीकडे असतात. तिथल्या शेजाऱ्यांनी एव्हाना रिमोट लपवले असतील.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी कैक वर्षांपूर्वी मंडळाच्या एका नाटकात महाराजांची भूमिका केली होती, आणि ती अजून उतरवलेली नव्हती. त्या नाटकाचं चित्रण त्यांनी पुढे हिंदीत डब करून घेतलं आणि सुरुवातीला स्वतःचं मनोगत जोडलं. मूळ आवाज खराब झाला होता, असं ते सांगत. नाटक राष्ट्रीय पातळीवर गेलं, असंही सांगत.

"घमापूरच्या केबलवर गेलं, अण्णासाहेब," रमाताई दुरुस्ती करत.

त्या नाटकात राजमाता झालेल्या इंदूताईंचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेत गेला. त्यांचं बोलणं घरात कुठेही साठवलेलं नव्हतं. नाटकात त्या होत्या, पण त्यांच्या तोंडून केबलवाल्याची वहिनी हिंदी बोलत होती. एका दुपारी त्यांची सून ती फाईल घेऊन रमाताईंकडे आली. मी तिथेच चहा घेत होतो.

"ताई, माझ्या पोरीनं आजीचा आवाज कधी ऐकलाच नाही. कुछ हो सकता है क्या?"

रमाताईंनी फाईल उघडली आणि विजयी मुद्रेने चष्मा कपाळावर चढवला. "हे काय, माहेर मागे उभंच आहे! टीव्ही पहिलाच ट्रॅक वाजवते, म्हणून कोणी मागे पाह्यलंच नाही."

त्यांनी मूळ ट्रॅक लावला. पडद्यावर अण्णासाहेबांचं मनोगत चालू होतं आणि त्यांच्या मिशांखालून इंदूताईंचा आवाज आला, "बाळ, उपाशीच निघालास?" सून आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावून बसली.

मनोगत जोडल्यामुळे चित्र मागे राहिलं होतं आणि मूळ आवाज पुढे धावत होता. नाटकात राजमातेच्या हातून कलश पडतो. चित्रातला कलश जमिनीला टेकतो तिथे रमाताईंनी त्याचा खणखणाट आणून बसवला, आणि सगळे आवाज आपापल्या तोंडांत परत गेले. सासर त्यांनी काढूनच टाकलं.

वर्धापनदिनाला हेच दाखवायचं, असा प्रस्ताव त्यांनी बैठकीत मांडला. अण्णासाहेब अस्वस्थ झाले. "पाहुणे हिंदीभाषक आहेत. शिवाय तांत्रिकदृष्ट्या मूळ आवाज..."

"काहून घाबरून राहिले? खाली हिंदी ओळी देते ना मी!"

इंदूताई बैठकीला आल्या होत्या. त्यांनी अण्णासाहेबांकडे नुसतं पाहिलं. ठराव मंजूर झाला.

वर्धापनदिनाला त्या पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी नात. राजमाता बोलू लागली तशी नातीने विचारलं, "दादी, ये आप हो?" इंदूताईंनी मान हलवली. पोरगी खुर्चीच्या कडेवर येऊन ऐकत राहिली. राजमातेचं भाषण संपलं तेव्हा जी टाळी पडली, ती आमच्या मंडळात आजवर कुठल्याही पाहुण्याच्या वाट्याला आलेली नाही. यंत्रापाशी उभ्या रमाताई ती अर्धी आपलीच समजून मान डोलवत होत्या, आणि तो हिशेब चुकीचा नव्हता.

मग इंदूताईंनी मागे वळून खूण केली: आवाज वाढवा. रमाताईंनी तो पूर्ण वाढवला. त्याबरोबर फाईलमध्ये होतं नव्हतं ते सगळंच वाढलं.

त्या नाटकाला विंगेतून प्रॉम्प्टिंग रमाताईंनी केलं होतं. महाराजांचं प्रत्येक वाक्य सभागृहाने दोनदा ऐकलं. आधी रमाताईंच्या आवाजात.