रावण जळाल्यानंतरचं मैदान

आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि फुटबॉल खेळायचे. पगार फिटरकीचा. फुटबॉलची मिळायची केळी, तीही जिंकले तर. बूट स्वतःचे, मोजे मी रफू केलेले. हे बॅकला खेळत. समोरचा पळत आला, की जमिनीवर लांब घसरत जाऊन त्याच्या पायातून चेंडू काढून घेत. लग्नानंतर त्यांच्या मांडीवरचे ओरखडे पाहून मी घाबरलेच होते, हा माणूस मारामाऱ्या करतो की काय म्हणून!

जिल्ह्याकडून खेळले, वर्कशॉपकडून खेळले. राज्याच्या संघासाठी मात्र भोपाळला जावं लागे, आणि तिथून दर खेपेला बाकावर बसून परत येत. म्हणत, "बाकावरून मॅच छान दिसते." मी म्हणे, "चला, तिकीट वाचलं." हसायचो दोघंही, पण त्यांचं हसू मला कळायचं.

मग छत्तीसगड झालं, आपलं रायपूर राजधानी झालं. नव्या राज्याला नवा संघ हवा होता. हे चाळिशी ओलांडलेले, तरी ट्रायल मॅचला बोलावणं आलं. आमच्याच मैदानावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आता मला सांगा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी मॅच ठेवतं का? आमच्या मैदानावर रावण जळतो! आणि त्या वर्षीचा रावण राजधानीचा, म्हणजे आणखीच उंच. दरवर्षी तो जळाला की मैदानात खिळे, तारा, बांबूच्या काड्या पसरतात. खेळणारी पोरं आठवडाभर वेचत बसतात.

निवड करणारे साहेब दसऱ्याच्या संध्याकाळी, रावण जळाल्यावर, येऊन मैदान पाहून गेले. म्हणाले, "सुबह तक साफ़ हुआ तो ठीक, नहीं तो दुर्ग में कर लेंगे."

ह्यांना सुट्टी मिळालेली फक्त सकाळपुरती. दुर्ग म्हणजे दुसरं शहर, तिथे कसे जाणार? घरी येऊन बूट खाटेखाली सरकवले.

"राहिलं आता," म्हणाले.

"काहून राहिलं? लोकायले सांगा ना, हात लावतील."

"कोणाले सांगू? सण आहे लोकायचा."

जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही या माणसाने. तेवढ्यात शेजारीण सोनं द्यायला आली. छत्तीसगढी बाई, माझ्याहून लहान. मी पानं घेतली आणि तिचा हात सोडलाच नाही.

"सोनं पावलं. आता सकाळी झाडू घेऊन मैदानात येशील?"

"हव दीदी! भैया के मैच हे का?"

आतून हे ओरडले, "काय करून राहिली तू? सणाच्या दिवशी भीक मागते?"

"भीक नाही हो, सोनंच मागून राहिले!"

मग जो जो सोनं द्यायला आला, त्याच्याकडे मी हेच मागितलं. दसऱ्याला कोण नाही म्हणणार?

उजाडता उजाडता अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, मैदानात. खराटे, सूप, टोपल्या. एका काकूंनी पिठाची चाळणी आणून गोलपोस्टसमोरची माती चाळली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भैयाने जुन्या स्पीकरची चुंबकं दोरीत ओवून लुनाच्या मागे बांधली आणि मैदानभर फिरवली. समोरच्या घरातल्या सासू-सुनाही तिथेच. सासू म्हणे, "घरचा कोपरा असा झाडला असतास तर!" सून म्हणे, "घरी रावण जळू द्या, मग झाडते."

साहेब आले. बुटाने माती उकरून पाहिली आणि शिट्टी तोंडात घातली.

पहिला पोट्टा चेंडू घेऊन ह्यांच्यावर धावून आला, तेव्हा रेषेबाहेर आम्ही बाया चवड्यांवर उभ्या. एक जरी खिळा राहिला असेल तर? हे घसरले. चेंडू बाहेर. उठून उभे राहिले, मांडीवर नुसती माती. मग जो गलका केला आम्ही! वरातीत होत नाही एवढा.

संघात घेतलं त्यांना. राज्याबाहेर जाऊन पूर्ण मॅच खेळले आणि चांगलेच हरून आले.

"जर्सी कुठे?" मी विचारलं.

"धुऊन जमा केली. पुढच्या पोट्ट्यायले लागेल ना."

पिशवी ठेवली आणि म्हणाले, "चल, पाऱ्यात जाऊन येऊ." जो माणूस कुणाच्या दारात उभा राहत नसे, तो त्या दिवशी प्रत्येक दारात उभा राहिला. "हरलो, पण खेळलो. तुमच्यामुळे." एवढंच बोलायचे. पण लोक कुठे सोडतात? सगळी मॅच सांगायला लावायचे. शेवटच्या घरी पोचेपर्यंत आमचा संघ दोन गोलांनी कमी हरला होता.